भिंतीपासून विमानापर्यंत

सोलापुरासारख्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आतां एखादा मुलगा, एखादी लेक किंवा नातवंड समुद्रापार असणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. तिकडून वडील मंडळींना बोलावणें येतें, तिकिटांची भाषा सुरू होते, आणि मग आजोबांच्या किंवा आजींच्या खांद्याखालीं कातडीच्या आंत पेसमेकर बसविलेला आहे, या एका गोष्टीपाशीं सगळा बेत येऊन अडतो. विमान उंच गेल्यावर तें यंत्र बंद तर पडणार नाहीं? विमानतळावरील धातु शोधणाऱ्या दारांतून जातांना त्याची गति बिघडली तर? पंधरा-सोळा तासांचा प्रवास, खालीं समुद्र, आणि जवळ ना ओळखीचा डॉक्टर ना दवाखाना! शेजारीं विचारावें तर एक जण एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट सांगतो. अखेर बेत रद्द होतो, आणि नातवाचें तोंड काचेच्या पडद्यावरच पाहावयाचें असें ठरतें.

ही भीति वेडगळ म्हणून उडवून लावण्याजोगी नाहीं. ती एके काळीं अक्षरशः खरी होती. पेसमेकरच्या आधारानें जगणाऱ्या मनुष्यास विमान तर राहोच, पण खोलीचा उंबरठा ओलांडणेंहि कठीण, अशी स्थिति सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं होती. रुग्णाच्या छातीपासून निघालेली तार भिंतींतील विजेच्या खोबणीपर्यंत जाई, आणि त्या तारेची जेवढी लांबी तेवढेंच त्याचें जग असे. ती तार कशी आखूड होत गेली, शेवटीं देहाच्या आंत कशी शिरली, आणि तो मनुष्य विमानांत कसा चढला, हा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्याची भीति नाहींशी होईलच असें नाहीं. पण ती योग्य त्या जागीं बसेल.

मनुष्याचें हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष ठोके देतें. हे ठोके देण्याची आज्ञा मेंदूकडून येते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तसें नाहीं. हृदयाच्या उजव्या बाजूस वरच्या कप्प्यांत पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तोच स्वस्थ बसलेल्या मनुष्यांत मिनिटास साठ ते शंभर वेळां विजेची बारीक लहर सोडतो आणि हृदय आकुंचन पावतें. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं हा पुंजका दाखवून दिला. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत ही लहर ज्या मार्गानें उतरते तो मार्ग त्याच्या एकच वर्ष आधीं सुनाओ तवारा या जपानी संशोधकानें उकलला होता.

हा मार्ग म्हातारपणीं किंवा रोगानें कधीं कधीं तुटतो. मग खालचे कप्पे आपल्या मनाच्या मंद चालीनें, मिनिटास तीस-चाळीस वेळां, हलत राहतात आणि मधूनच कांहीं सेकंद थांबतातहि. रोगी बसल्या जागीं कोसळतो, हातापायांना झटके येतात, आणि थोड्या वेळानें तोच उठून बसतो व काय झालें म्हणून भोवतालच्यांना विचारतो. डब्लिन येथील रॉबर्ट अॅडम्स यांनीं १८२७त व विल्यम स्टोक्स यांनीं १८४६त या विकाराचें वर्णन केलें. म्हणून त्या दोघांचें नांव त्यास चिकटलें. इकडे मात्र असा मनुष्य रस्त्यांत पडला कीं त्यास फेफरें आलें असें समजून कांदा नाहीं तर जोडा हुंगविण्याची धांदल उडे. अशा किती जणांचा खरा रोग हृदयांत होता आणि उपचार नाकावर झाला, याची गणती कोण करणार?

थांबलेल्या हृदयास बाहेरून वीज देऊन चालवितां येईल हें पहिल्यानें माणसावर सिद्ध झालें तें १९२८ सालीं, ऑस्ट्रेलियांत. सिडनी येथील डॉ. मार्क लिडविल यांनीं एडगर बूथ या पदार्थविज्ञानज्ञाच्या साह्यानें एक यंत्र तयार केलें होतें. मृतवत् जन्मलेल्या एका बालकाच्या हृदयांत सुई घालून त्यांनीं सुमारें दहा मिनिटें विजेचे हलके धक्के दिले. पुढें तें हृदय आपलें आपण चालूं लागलें आणि मूल वांचलें. यंत्राची वीज येत होती ती दिव्याच्या जोडणींतून.

त्यानंतर न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट हायमन यांनीं १९३२ सालीं आपल्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. 'कृत्रिम पेसमेकर' हें नांव त्यांचेंच. हें यंत्र सव्वासात किलो वजनाचें होतें. त्यास हातानें फिरवावयाची दांडी असे. ग्रामोफोनास चावी द्यावी तशी ती फिरवावी आणि यंत्र सहा मिनिटें चाले. परमेश्वराच्या कामांत ढवळाढवळ करणारा मनुष्य म्हणून हायमन यांची त्यांच्याच देशांत पुष्कळ निंदा झाली. त्याच वर्षीं, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गें टपालाच्या थैल्या घेऊन एका चिमुकल्या विमानानें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, आणि भारतीय विमानवाहतुकीचा प्रारंभ झाला. सहा मिनिटें चालणारें एक यंत्र आणि टपालाच्या थैल्या वाहणारें दुसरें! एक दिवस पहिलें यंत्र छातींत घेऊन मनुष्य दुसऱ्यांत बसेल, ही कल्पना त्या काळच्या कादंबरीकारासहि सुचली नसती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामास वेग आला. टोरांटो येथें जॉन हॉप्स यांनीं १९५०त, व बोस्टन येथें डॉ. पॉल झोल यांनीं १९५२त बाहेरून चालविण्याचीं यंत्रें सिद्ध केलीं. झोल यांनीं छाती उघडली नाहीं. कातडीवरूनच धक्के देऊन त्यांनीं पासष्ट वर्षांच्या एका रुग्णास बावन्न तास जगविलें व तो हृदय पूर्ववत् होऊन घरीं गेला. वैद्यकाच्या दृष्टीनें हा मोठाच विजय. परंतु कातडीवरून जाणारी ती वीज प्रत्येक ठोक्याबरोबर छातीचे स्नायू पिळून काढी, कातडी भाजे, आणि जागेपणीं ती वेदना असह्य होई. शिवाय यंत्र भिंतीस बांधलेलें. रुग्णास दुसऱ्या दालनांत न्यावयाचें तर तारेस तार जोडीत, एका खोबणींतून दुसऱ्या खोबणीकडे जावें लागे.

भिंतीवरच्या या अवलंबनाची खरी किंमत कळली ती अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरांत. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत डॉ. वॉल्टन लिलेहाय हे लहान मुलांच्या हृदयांतील जन्मजात छिद्रें शिवीत असत. शिवतांना कधीं कधीं तो लहर वाहून नेणारा मार्गच दुखावे. मुलाचें छिद्र बुजे, पण हृदयाची चाल थांबे. यावर लिलेहाय यांनीं १९५७च्या आरंभीं उपाय काढला तो असा कीं एक बारीक तार थेट हृदयाच्या स्नायूस जोडून तिच्यांतून अगदीं थोडी वीज द्यावयाची. वेदना नाहीं, भाजणें नाहीं; आठवडा-दोन आठवड्यांत मार्ग भरून येई आणि तार ओढून काढीत. मुलें पलंगावर बसून खेळूं लागलीं. मात्र तारेचें दुसरें टोंक भिंतींतच होतें.

३१ ऑक्टोबर १९५७ रोजीं त्या शहराची वीज गेली. शस्त्रक्रियेच्या दालनास पर्यायी वीज होती, पण मुलें झोपत त्या खोल्यांना नव्हती. त्या अंधारांत यंत्रावर अवलंबून असलेल्या एका बालरुग्णाचा मृत्यु झाला. दुसऱ्या दिवशीं लिलेहाय यांनीं रुग्णालयाचीं उपकरणें दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुणास बोलावून कांहीं तरी उपाय काढण्यास सांगितलें. बॅकन यांचा कारखाना म्हणजे एक मोटारखाना होता. त्यांनीं प्रथम मोटारीच्या घटमालेचा विचार केला. पण तो खटाटोप फार. मग त्यांना एका मासिकांत पूर्वीं छापून आलेली आकृति आठवली. गाणें शिकणाऱ्यांस ताल धरून देणाऱ्या विजेच्या यंत्राची ती आकृति होती. ताल गाण्याचा असो कीं हृदयाचा, विजेस त्याचें काय! चार आठवड्यांत त्यांनीं तळहाताएवढी एक पेटी तयार केली. पेटींत लहानशी घटमाला, वर एक बटण, गळ्यांत अडकवावयास पट्टा. बॅकन दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांत डोकावतात तों ती पेटी एका मुलीच्या हृदयास जोडलेली! मोटारखान्यांत बनलेली, फक्त एका कुत्र्यावर करून पाहिलेली वस्तु इतक्या तांतडीनें माणसास लावावी कीं नाहीं, यावर आजचे नियम वेगळें उत्तर देतील. परंतु वीज पुन्हां केव्हां जाईल याची शाश्वति नसतां लिलेहाय यांनीं घेतलेला निर्णय दूषणास्पद म्हणवत नाहीं. भिंतीची तार त्या दिवशीं तुटली.

तरी पेटी देहाच्या बाहेरच होती, आणि तार कातडींतून आंत शिरे तेथें जंतूंस वाट मोकळी राही. चार दिवसांच्या आजारास हें चालेल. आयुष्यभर कसें चालावें? या प्रश्नाचें उत्तर स्वीडनमध्यें मिळालें, आणि तें शास्त्रज्ञांनीं शोधलें म्हणण्यापेक्षां एका बाईनें त्यांच्याकडून काढून घेतलें असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

आर्ने लार्सन हे त्रेचाळीस वर्षांचे गृहस्थ अॅडम्स-स्टोक्स विकारानें अंथरुणास खिळले होते. दिवसांतून वीस-तीस वेळां त्यांचें हृदय थांबे. त्यांची पत्नी एल्से-मारी हिनें कोठें तरी वाचलें कीं स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयांतील डॉ. ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट हे प्राण्यांवर असले प्रयोग करीत आहेत. ती त्यांच्याकडे गेली. माणसासाठीं असें यंत्र तयार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. मग तें तयार करा, हें तिचें उत्तर होतें. ती एकदां एल्मक्विस्टच्या प्रयोगशाळेंत जाई, एकदां सेनिंगच्या दवाखान्यांत, आणि पुन्हां पुन्हां येई. शेवटीं त्या दोघांनीं हार मानली. एल्मक्विस्ट यांनीं घटक जुळवून ते राळेसारख्या द्रवांत बुडविले, आणि तो द्रव थिजविण्यास सांचा घेतला तो बुटाच्या पॉलिशच्या डबीचा. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं संध्याकाळीं, गाजावाजा न करतां, सेनिंग यांनीं तें यंत्र लार्सन यांच्या देहांत बसविलें. तें कांहीं तासांतच बंद पडलें. जवळ एकच जादा यंत्र होतें. तें लगेच बसविण्यांत आलें. तेंहि फार टिकलें नाहीं, आणि पुढें बराच काळ लार्सन पेसमेकरशिवायच कसेबसे दिवस काढीत राहिले. चांगलीं यंत्रें निघालीं तशीं त्यांना पुन्हां बसविण्यांत आलीं. जन्मभरांत त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. ते कामावर गेले, हिंडले फिरले, पेसमेकरधारकांचे प्रतिनिधि म्हणून वावरले, आणि डिसेंबर २००१ मध्यें शहाऐंशीव्या वर्षीं वारले तेहि हृदयविकारानें नव्हे, तर कर्करोगानें. यंत्र बनविणारे एल्मक्विस्ट १९९६त आणि तें बसविणारे सेनिंग २०००त निवर्तले होते. रोगी दोघांच्याहि मागें राहिला.

लार्सन यांच्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनीं, फेब्रुवारी १९६० मध्यें, एल्मक्विस्ट यांनीं बनविलेलें असेंच यंत्र दक्षिण अमेरिकेंत माँटेव्हिडिओ येथें डॉ. ओरेस्तेस फियांद्रा यांनीं एका स्त्रीस बसविलें. अर्थात् पेसमेकरधारी मनुष्य लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं पेसमेकर स्वतः अर्धी पृथ्वी ओलांडून गेला होता! त्याच वर्षीं अमेरिकेंत बफेलो येथें डॉ. विल्यम चार्डॅक यांनीं विल्सन ग्रेटबॅच यांचें यंत्र रुग्णांना बसविण्यास आरंभ केला. ग्रेटबॅच यांची कथा मुलांच्या वाचनमालेंत घालण्याजोगी आहे. हृदयाचे आवाज टिपणारें यंत्र जुळवितांना त्यांनीं पेटींतून चुकीचा रोधक उचलला आणि यंत्र ठराविक अंतरानें टकटक करूं लागलें. दुसऱ्या एखाद्यानें तो उपटून फेकून दिला असता. हे ऐकत बसले.

पारा व जस्त यांच्या घटांवर चालणारीं हीं यंत्रें दीड-दोन वर्षांत संपत. मग छाती पुन्हां उघडावयाची. कांहीं काळ प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गावर चालणारे पेसमेकरहि निघाले. पॅरिस येथें १९७०त पहिला बसविण्यांत आला. ते दशकानुदशकें चालत, पण ज्याच्या छातींत प्लुटोनियम त्यास सरहद्दी ओलांडतांना कोण सुखानें सोडणार? ग्रेटबॅच यांनींच पुढें लिथियम-आयोडाइडचा घट हातीं घेतला, आणि १९७२ पासून तो वापरांत आला. त्यांतून वायु निघत नाहीं. म्हणून यंत्र टिटॅनियमच्या डबींत पूर्णपणें बंद करतां येऊं लागलें आणि तें वर्षानुवर्षें चालूं लागलें. विमानप्रवासाच्या दृष्टीनें या बंद डबीचें महत्त्व घटाच्या आयुष्याइतकेंच आहे, कारण बाहेर हवेचा दाब कमी झाला काय आणि वाढला काय, आंतल्या यंत्रास त्याची गंधवार्ताहि नसते.

इकडे भारतांतहि अंतरें आटत चाललीं होतीं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला निघाले ते मुंबईच्या बंदरांतून जहाजानें. दहाच वर्षांनीं, ८ जून १९४८ रोजीं, एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान पस्तीस उतारू घेऊन कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला गेलें; आणि मे १९६० मध्यें त्याच कंपनीचीं जेट विमानें न्यूयॉर्कला जाऊं लागलीं. म्हणजे ज्या वर्षीं पेसमेकर बफेलोच्या रुग्णांच्या देहांत शिरला, त्याच वर्षीं भारतीय विमान अटलांटिकच्या पलीकडे पोंचलें.

पेसमेकर घेऊन पहिल्यानें कोण उडाला याची नोंद करण्याची गरज कोणास भासली नाहीं, आणि यांतच या यंत्राचें यश आहे. मात्र लोकांच्या नजरेंत भरलेले एक गृहस्थ म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस. हिमालयांत हिंडून त्यावर ग्रंथ लिहिलेला हा भटक्या वृत्तीचा मनुष्य. १९६८त, वयाच्या एकूणसत्तराव्या वर्षीं, त्यांना पेसमेकर बसविला. त्यानंतर ते सात वर्षें न्यायासनावर बसले, आणि राजधानीपासून देशाच्या दुसऱ्या टोंकास असलेल्या डोंगरांतील आपल्या घरीं उन्हाळ्यांत जाणेंहि त्यांनीं सोडलें नाहीं.

असो. याच सुमारास एक नवी अडचण उभी राहिली, आणि आजच्या भीतीचें मूळ बऱ्याच अंशीं तिच्यांत आहे. आरंभीचे पेसमेकर बहिरे होते. हृदय स्वतः चालो वा न चालो, ते आपले ठोके देतच राहत. १९६० नंतरच्या दशकांत ऐकणारे पेसमेकर निघाले. हृदयानें आपला ठोका दिला तर ते गप्प बसतात, न दिला तर देतात. सुधारणा मोठी, परंतु ज्यास कान आहेत त्यास फसवितांहि येतें. बाहेरची एखादी विजेची वा चुंबकाची खळबळ हाच हृदयाचा ठोका असें समजून यंत्र क्षणभर गप्प बसेल, ही शंका खरी होती. अमेरिकेंतील उपाहारगृहांच्या दारांवर, आंत सूक्ष्मलहरींची भट्टी चालू आहे, अशा सूचना पेसमेकरधारकांसाठीं लावीत त्या याच कारणानें. आणि नेमकें १९७३च्या जानेवारीपासून अमेरिकेंत प्रत्येक विमान-उतारूची झडती सक्तीची झाली व धातुशोधक दारें सर्वत्र उभीं राहिलीं.

यंत्र बनविणारे स्वस्थ बसले नाहींत. टिटॅनियमची डबी हीच एक ढाल ठरली. शिवाय हृदयाची लहर कोणती आणि बाहेरचा गोंगाट कोणता हें निवडण्याची शक्ति यंत्रास देण्यांत आली. तरी संशय राहिलाच, म्हणून जर्मनींत म्यूनिक येथील डॉक्टरांनीं तो प्रत्यक्ष पडताळून पाहिला. २००३त त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोनशें पेसमेकरधारक आणि हृदयास झटका देणारें यंत्र बसविलेले एकशें अठ्ठेचाळीस जण विमानतळावरील दारांतून नेण्यांत आले. एकाच्याहि यंत्रांत बिघाड झाला नाहीं. शिपाई हातांत धरून अंगावरून फिरवितात त्या दांड्याची परीक्षा अशाच तीनशें अठ्ठ्याऐंशी लोकांवर झाली, ती २०११त छापून आली, आणि निष्कर्ष तोच निघाला. म्हणून दारांतून नेहमींच्या चालीनें निघून जावें. त्यास टेकून गप्पा मारीत उभें राहूं नये. तो दांडाहि छातीवर फार वेळ धरूं नये अशी विनंति करावी, किंवा पेसमेकर असल्याचें आधीं सांगून हातानें झडती घेण्यास सुचवावें. दार किंचाळलें तर घाबरूं नये; तें धातूस पाहून किंचाळतें, हृदयास पाहून नव्हे.

उंचीची भीति मात्र निराळी आहे. मोठें विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जात असलें तरी आंतील हवेचा दाब फार तर आठ हजार फुटांवरच्या इतका कमी होऊं देतात. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, उटी सात हजारांहून थोडी वर. म्हणजे विमानांतील मनुष्य उटीपेक्षां किंचित् उंच अशा ठिकाणीं बसलेला असतो. पेसमेकरास याचें कांहीं नाहीं. पण ज्या हृदयांत तो बसविला आहे त्यास असूं शकतें. प्राणवायु थोडा कमी मिळतो. हृदय दुबळें झालेलें, चालतांना धाप लागणारी, पायांवर सूज असलेली व्यक्ति उटीस सुखानें राहूं शकणार नसेल तर तिनें विमानाविषयीं डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे. घरोघरीं चौकशी होते ती यंत्राची. व्हावी ती माणसाची.

नुकताच पेसमेकर बसविलेल्यांची गोष्ट वेगळी. गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेंतून तार आंत सोडतांना क्वचित् फुप्फुसास टोंचतें व त्याच्या बाहेर हवा सांचते. ही हवा उंचीवर फुगते, आणि तो धोका खरा असतो. ब्रिटनमधील हृदयरोगतज्ज्ञांनीं २०१०त दिलेल्या सल्ल्याप्रमाणें, असा दोष नसेल तर दोन दिवसांनीं विमानांत बसण्यास हरकत नाहीं. झाला असल्यास तो पूर्ण बरा झाल्यावर दोन आठवडे थांबावें. घाई करण्यासारखें यांत कांहींच नाहीं. बसविलेल्या बाजूचा हात सामान चढविण्या-उतरविण्यास मोकळा होण्यास तरी कांहीं आठवडे लागतातच.

भारतापुरतें पाहतां पेसमेकरची खरी अडचण आकाशांत कधींच नव्हती. ती खिशांत होती. या संबंधांत मुंबईची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंत मृत्यूनंतर, विशेषतः दहनापूर्वीं, देहांतून पेसमेकर काढून घेतात, कारण अग्नींत त्याचा स्फोट होतो. आपल्याकडेहि सरणावर ठेवण्यापूर्वीं तो काढावा लागतो. असे काढलेले एकशें एकवीस पेसमेकर तेथील कुटुंबांच्या संमतीनें जमविण्यांत आले. त्यांपैकीं ज्यांत पुरेसें बळ शिल्लक होतें असे त्रेपन्न स्वच्छ व निर्जंतुक करून २००४ ते २०१० या काळांत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत गरीब रुग्णांना बसविण्यांत आले. त्यांचा वृत्तांत २०११त अमेरिकेंतील एका हृदयविषयक नियतकालिकांत आला. जंतुसंसर्ग झाला नाहीं, यंत्र बिघडलें नाहीं, आणि अंगमेहनत करणारे बहुतेक रुग्ण पुन्हां कामास लागले. मेलेल्याचें यंत्र जिवंतास लावावें कीं नाहीं याविषयीं मतभेद आहेत, आणि कायदाहि सर्वत्र अनुकूल नाहीं. पण ज्याच्यापुढें दुसरा मार्गच नव्हता त्या हमालास वा मोलकरणीस हा वाद ऐकवून उपयोग काय झाला असता? या त्रेपन्न पेसमेकरांनीं जो प्रवास केला तो आजच्या आजी-आजोबांच्या प्रवासाच्या अगदीं उलट दिशेनें केला, एवढें खरें.

आणि आतां सोलापूर. या शहरास रेल्वे आली १८६० सालीं, आणि त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ परदेशीं जाणाऱ्या सोलापूरकराचा पहिला टप्पा मुंबईची गाडी हाच राहिला. मधल्या काळांत होटगी रस्त्यावरील विमानतळावरून थोडे दिवस विमानें सुटलीं व बंद पडलीं. विमानांच्या वाटेंत येते म्हणून ज्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून वर्षानुवर्षें वाद झाला, ती जून २०२३ मध्यें पाडण्यांत आली. सुधारलेल्या विमानतळाचें उद्घाटन सप्टेंबर २०२४त झालें. जून २०२५ मध्यें गोव्याचें विमान सुरू झालें, आणि मुंबईचें सुरू झालें तें १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं. टाटा यांचें विमान जुहूस उतरलें त्या दिवसास तेव्हां बरोबर त्र्याण्णव वर्षें झालीं होतीं.

गोव्याच्या मार्गावर आलेल्या पंख्याच्या लहान विमानासंबंधीं एक बारीकशी गोष्ट ठाऊक असावी. १९८० नंतरच्या दशकापासून पुष्कळ पेसमेकरांत शरीराची हालचाल ओळखणारा घटक असतो. मनुष्य जिना चढूं लागला कीं तो हृदयाची गति वाढवितो. लहान विमानाची वा हेलिकॉप्टरची थरथर हीच चालण्याची हालचाल समजून तो गति किंचित् वाढवूं शकतो. खुर्चींत स्वस्थ बसलेल्या मनुष्याची नाडी मिनिटास आठ-दहा ठोक्यांनीं वाढलेली आढळली तर तें याचें कारण असूं शकतें. थरथर थांबतांच ती उतरते.

निघण्यापूर्वीं यंत्राची एकदां तपासणी करून घेऊन घट किती उरला आहे हें पाहावें. यंत्राचा प्रकार, क्रमांक व बसविल्याची तारीख असलेलें कार्ड पारपत्राबरोबर ठेवावें. गोळ्या मोठ्या पेटींत न घालतां हातांतील पिशवींत घ्याव्या, कारण मोठी पेटी कधीं कधीं तिसऱ्याच देशास जाते. प्रवास लांबचा असल्यास दर तासा-दोन तासांनीं उठून चार पावलें टाकावींत. तें पेसमेकरसाठीं नव्हे, पायांतील रक्त गोठूं नये म्हणून.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांस मुद्दाम विचारावी. कांहीं पेसमेकरांत झोपेच्या वेळेस गति कमी ठेवण्याची योजना आंतल्या घड्याळावर केलेली असते. विमानांतून उतरलेला मनुष्य मनगटावरचें घड्याळ फिरवितो, पण छातींतलें घड्याळ सोलापूरचीच वेळ दाखवीत राहतें. सोलापुरांत रात्रीचे अकरा वाजतात तेव्हां न्यूयॉर्कला उन्हाळ्यांत दुपारचा दीड वाजलेला असतो. आणि नातवाचा हात धरून बागेंत निघालेल्या आजोबांचा पेसमेकर त्यांना रात्रीच्या गतीवर आणावयास पाहतो. फेरफटका असला कीं हालचाल ओळखणारा घटक ती उणीव बहुधा भरून काढतो. मुक्काम आठवडाभराचा असेल तर कोणी त्यास हात लावीत नाहीं. सहा महिन्यांचा असेल तर तेथील डॉक्टर छातीवर एक यंत्र टेकवून तें घड्याळ दोन मिनिटांत पालटून देतात, आणि परत आल्यावर तें पुन्हां सोलापूरच्या वेळेवर आणून घ्यावें लागतें.